चित्र पाहावे आणि मग थेट विचारावे

किशोरवयीन मुलाच्या मनात आत्महत्येचा विचार आहे काय, याचे उत्तर नुसते चित्र देऊ शकत नाही, हे नागपुरातील माझ्या शिक्षक आणि समुपदेशक सहकाऱ्यांनी मुलाच्या हाती पेन्सिल देण्यापूर्वीच पक्के ध्यानात घ्यावे. मानसशास्त्रज्ञ जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या घर-झाड-माणूस चाचणीसारख्या (मुलाला या तीन गोष्टी काढायला सांगून त्यांवरून मनाचा अंदाज घेणाऱ्या) पद्धतींतून काळे झाड, खोडातील ढोली, हात नसलेला माणूस अशा खुणांचे ठरीव अर्थ लावण्याची सवय पडली. परंतु त्यांपैकी एकाही खुणेवरून धोका खात्रीने ओळखता येत नाही. मुलाला बोलते करणे, एवढ्यासाठीच चित्र वापरावे.

आरंभीच मुलाला सांगावे की येथले बोलणे आपल्यातच राहील, पण जिवाला धोका वाटला तर घरच्यांना कळवावे लागेल. कोरा कागद, मऊ पेन्सिल आणि खोडरबर द्यावे, समोर न बसता शेजारी बसावे. चित्रकलेतून उपचार करणाऱ्या रॉली सिल्व्हर यांच्या पद्धतीत मूल दिलेल्या चित्रांतून दोन निवडते, त्यांवरून नवे चित्र काढते आणि त्याची गोष्ट सांगते. गोष्टीतील भावनेला १ ते ५ गुण दिले जातात. गुणांपेक्षा गोष्ट ऐकावी लागते, म्हणून मला ही पद्धत अधिक पटते.

नववीतील एका मुलीने अंगण, तुळशीवृंदावन आणि हसरे आईवडील असे नीटनेटके चित्र काढले होते. "यात तू कुठे आहेस?" असे विचारल्यावर ती बराच वेळ खोडरबर बोटांत फिरवत राहिली आणि म्हणाली, "मी नसेन तेव्हाचं घर आहे हे." खुणांची यादी घेऊन बसले असते, तर ते चित्र मी आनंदी म्हणून बाजूला ठेवले असते.

अशा वेळी आडवळणाने बोलू नये. "मरून जावं असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का? काही ठरवलं आहेस का?" असे शांतपणे विचारावे, विचारल्याने ती कल्पना मनात भरते, ही भीती निराधार आहे. होकार आल्यास मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांना बोलावून घरातील औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मनोविकार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. नकार आला, पण मूल आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा निरोपाचे बोलत असेल, तरी हेच करावे.

कागदामागे तारीख आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, आपला अर्थ वेगळ्या कागदावर नोंदवावा. ते चित्र शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात कदापि जाऊ देऊ नये.