परदेशात पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन कसे करावे

भारताबाहेर १५ ऑगस्ट हा बहुतेक ठिकाणी कामाचा दिवस असतो. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत त्या दिवशी धार्मिक सणाची सुट्टी मिळते आणि दक्षिण कोरियाचा तर तो मुक्तिदिनच आहे. इतरत्र मात्र वेळ काढावा लागतो. म्हणून प्रथम तारखेचा प्रश्न सोडवावा. झेंडावंदन त्याच दिवशी, कामावर निघण्यापूर्वी घरच्या घरी करावे आणि मंडळींना जमवायचे असेल तर त्यासाठी जवळचा रविवार धरावा, ही विभागणी सर्वांत सोयीची पडते. न्यूयॉर्कमधील भारतीयांची मोठी मिरवणूकही रविवारीच निघते, तेव्हा यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जवळपास भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास असेल, तर तेथील कार्यक्रमाला एकदा तरी जावे. ध्वजारोहण, राष्ट्रगीत आणि आदल्या संध्याकाळी राष्ट्रपतींनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणाचे वाचन, असे त्याचे साधारण स्वरूप असते. वेळ आणि नोंदणीचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आधीच पाहावेत व ओळखपत्र जवळ ठेवावे.

स्वतः कार्यक्रम करायचा असल्यास जागेची परवानगी हा सर्वांत कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग आहे. भाड्याच्या घराच्या खिडकीबाहेर किंवा गच्चीत ध्वज लावण्यापूर्वी घरमालकाला आणि सोसायटीला विचारावे. सार्वजनिक बागेत जमायचे असेल तर स्थानिक पालिकेचे नियम पाहावेत. काही देशांत जाहीर जमावावर आणि परकीय ध्वजांवर कडक निर्बंध असतात. तेथे घरातला किंवा सभागृहातला समारंभच योग्य.

ध्वजाच्या बाबतीत मात्र सैलपणा नको. भारतीय ध्वजसंहिता २००२ पासून लागू आहे आणि ध्वजाचा अवमान १९७१ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असावे आणि अशोकचक्रात २४ आरे असावेत; विकत घेताना हे मोजून पाहावे. घरासाठी ४५० × ३०० मिलिमीटरचा आणि सभागृहासाठी ९०० × ६०० मिलिमीटरचा ध्वज पुरतो. कापड खादीचेच हवे असे नाही, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेले आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालतात. भिंतीवर आडवा लावल्यास केशरी पट्टा वर येतो, हे सर्वांना ठाऊक असते; उभा लावताना चूक होते. तेव्हा केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. शेजारी यजमान देशाचा ध्वज लावणे हे सौजन्याचे आहे, पण दोन्ही ध्वज वेगवेगळ्या काठ्यांवर, सारख्या आकाराचे आणि सारख्या उंचीवर असावेत; मानाची बाजू कोणती, हे त्या देशाच्या नियमांवरून ठरवावे. ध्वज टेबलावर अंथरू नये, त्यावर काही लिहू नये आणि त्याचा रुमाल किंवा उशीचा अभ्रा करू नये. तिरंगी केकची धास्ती काही जण घेतात. तो कापणे हा गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही जिलेबी आणावी, ती अधिक शोभते.

प्रत्यक्ष समारंभ लहान ठेवावा. ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, पण दोरीची गाठ आदल्या दिवशी एकदा ओढून पाहावी. ध्वज झपकन वर चढवावा आणि उतरवताना सावकाश, अदबीने उतरवावा. त्यानंतर सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहावे आणि राष्ट्रगीत स्वतः म्हणावे. ते सुमारे ५२ सेकंदांत पूर्ण होते, त्यामुळे ध्वनिमुद्रणावर विसंबण्याची गरज नाही. परदेशात वाढलेल्या मुलांना देवनागरी वाचता येत नसेल तर शब्द रोमन लिपीत लिहून आठवडाभर आधी द्यावेत आणि अर्थही सांगावा. जमलेल्यांपैकी काहींनी दुसरे नागरिकत्व घेतलेले असते. तेथे यजमान देशाचे राष्ट्रगीतही म्हणावे.

भाषणे करायचीच असतील तर एखाद्या ज्येष्ठाला स्वतःच्या गावातल्या प्रभातफेरीविषयी बोलायला सांगावे. मुले अध्यक्षीय भाषणापेक्षा ते नक्कीच लक्ष देऊन ऐकतात. लाल किल्ल्यावरील सोहळा थेट पाहायचा असल्यास वेळेचा हिशेब करावा. भारतात सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा सिंगापूरमध्ये दहा, लंडनमध्ये पहाटेचे तीन आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. लंडनकरांनी सरळ मुद्रित प्रक्षेपण पाहावे.

कार्यक्रमानंतर सभागृह सोडण्यापूर्वी खुर्च्यांखाली एकदा वाकून पाहावे, कारण मुलांच्या हातातले कागदी झेंडे हमखास तेथे पडलेले असतात. ते केराच्या डब्यात टाकू नयेत. ते गोळा करून घरी न्यावेत आणि खाजगीत, ध्वजाचा मान राखूनच त्यांची विल्हेवाट लावावी. फाटलेला किंवा विटलेला कापडी ध्वज पुन्हा लावू नये. तो संपूर्णपणे, शक्यतो जाळून, एकांतात नष्ट करावा, असे संहिता सांगते. मात्र तुमच्या इमारतीत उघड्यावर काही जाळण्यास मनाई असल्यास त्याची सोय आधी पाहून ठेवावी.