लारारियम: गोव्याच्या हवेत रोमन गृहपूजा मांडताना

सम्राट थिओडोसियसने 8 नोव्हेंबर 392 रोजी काढलेल्या फर्मानात देवळांबरोबर घरातल्या पूजेवरही बंदी आली. लार, गेनियस आणि पेनातेस हे रोमन घरातले देव: लारला अग्नी नको, गेनियसला मद्य नको, पेनातेसना सुगंध नको. दिवे लावू नका, धूप घालू नका, माळा टांगू नका. बंदी घालताना त्याने साहित्याची यादीच लिहून ठेवली, आणि रोमन धर्म पुन्हा आचरणात आणणाऱ्यांना आज तीच यादी सगळ्यात उपयोगी पडते. दिवा, धूप, द्राक्षाची वाइन आणि माळ एवढ्यावर लारारियमची, म्हणजे रोमन घरच्या देव्हाऱ्याची, पूजा उभी राहते. बैल, संगमरवर आणि तोगा हे रोमन अंगवस्त्र यांच्यावाचून काही अडत नाही.

ही परंपरा अखंड चालत आलेली नाही, मध्ये सुमारे दीड हजार वर्षांचा खंड आहे. आजचे उपासक तिला रेलिगिओ रोमाना किंवा कुल्तुस देओरुम म्हणतात. अमेरिकेत 1998 साली स्थापन झालेल्या नोवा रोमा या संस्थेने ती इंटरनेटवर पोचवली, तर इटलीत पिएतास या संघटनेने नवी देवळेही बांधली. गोव्यात हे करायला संस्था लागत नाही, कारण रोमन घरात पुरोहित म्हणजे घरचा कर्ता. एखाद्या गटात शिरायचेच असेल तर आधी त्याचे राजकारण तपासा. विसाव्या शतकात इटलीतल्या काही रोमनवाद्यांचे फासिस्टांशी सूत जुळले होते, आणि त्या विचाराचे वारस अजूनही भेटतात.

घरातले देव थोडेच. लार हा घराचा आणि घरातल्या माणसांचा रक्षक. गेनियस ही कर्त्या पुरुषाची जीवनशक्ती. कर्त्या बाईची तशीच शक्ती ती तिची युनो. पेनातेस कोठीचे, म्हणजे साठवलेल्या धान्याचे. चुलीत वेस्ता, दारात यानुस. राखणदाराला रोट देणाऱ्या गावात लार कोण हे फार समजावून सांगावे लागत नाही, आणि गोव्यातला खरा धोका इथेच आहे. साम्य इतके जवळचे की हात आपोआप आरतीकडे, नैवेद्याच्या पाण्याकडे, कुंकवाकडे जातो. रोमन विधीत दिवा ओवाळत नाहीत, मूर्तीला गंध लावत नाहीत, प्रदक्षिणा घालत नाहीत. दोन्ही पूजा एका घरात खुशाल करा, पण देव्हारा वेगळा, भांडी वेगळी आणि वेळही वेगळी ठेवा.

जागा, चिरा आणि भांडी

पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरात लारारियम स्वयंपाकघरात सापडतात तसे अंगणालगतच्या भिंतीतही सापडतात. जुन्या वाड्यात राजांगण असेल तर त्याच्या कडेचा, पावसाची झड न पोचणारा कोनाडा उत्तम. तुळशी वृंदावनाचा कट्टा मात्र यासाठी वापरू नका. फ्लॅटमध्ये छातीच्या उंचीवर साधारण 45 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर खोल फळी पुरते. वर किमान 60 सेंटीमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर आठवड्याभरात छत काळे होते. मोठ्या देवळाची वेदी पूर्वेकडे तोंड करून असावी असे रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस सांगतो. घरच्या कोनाड्याला दिशेचे बंधन नाही. वारा येणाऱ्या खिडकीसमोर नको, एवढे पाहा.

लाकडी पेटी करायची तर सागाची करा आणि भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगा. जूनपासून भिंत ओल धरते. प्लायवूड फुगते आणि मागून वाळवी चढते. चित्र हवे असेल तर पॉम्पेईतल्या वेत्तींच्या घरातले भित्तिचित्र नमुन्याला घ्या. मधे डोक्यावर वस्त्र घेतलेला गेनियस, दोन बाजूंना नाचणारे दोन लार, आणि खाली वेदीकडे सरपटणारा साप. छापील चित्र काचेत बसवले तर पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी धरते, म्हणून काच आणि कागद यांच्यात थोडी फट राहील अशी चौकट करून घ्या. मातीच्या मूर्ती डिचोलीच्या कुंभाराकडून करून घेता येतात. न झिलवलेली माती तेल पिते, तेव्हा दिवा मूर्तीपासून वीतभर लांब ठेवा.

वेदीसाठी चिऱ्याचा 20 सेंटीमीटर चौरस तुकडा छान दिसतो, पण चिरा सच्छिद्र असतो. वाइन आणि मध त्यात मुरतात, डाग निघत नाही आणि मुंग्यांची रांग लागते ती लागतेच. वर कडप्प्याची फरशी बसवा आणि अर्पण फरशीवर नव्हे तर भांड्यात करा.

भांडी पाच. पातेरा म्हणजे 12 ते 15 सेंटीमीटरची उथळ ताटली, वाइन ओतण्यासाठी लहान सुरई, धुपाची डबी, धुपाटणे, आणि मिठाची वाटी. रोमन घर कितीही गरीब असले तरी देवाची ताटली आणि मिठाची वाटी त्यात असायचीच, म्हणून ही दोन गाळू नका. कल्हई नसलेल्या पितळेत वाइन ठेवू नका. आंबटपणामुळे तांबे उतरते आणि उरलेली वाइन पिण्याजोगी राहत नाही. काच किंवा झिलईदार माती बरी.

धूप, कोळसा, वाइन, तेल

बाजारात लोबान म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बेंझोइन असतो: तपकिरी खडा, आत पांढरे ठिपके, वास गोडसर. रोमनांचा तूस म्हणजे ओमान आणि सोमालियाकडच्या झाडाचा फिकट पिवळा थेंबासारखा डिंक. इगर्जीत जाळतात त्या मिश्रणात बहुधा तो असतो. तो न मिळाल्यास आपल्या सालईचा डिंक घ्या, ते त्याच कुळातले झाड आहे. मात्र सालईचे खडे पावसाळ्यात एकमेकांना चिकटून गोळा होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवा. उदबत्ती चालते का? अडीअडचणीला चालते, पण खडा निखाऱ्यावर टाकण्याची कृती हेच अर्पण असल्याने रोजची सवय उदबत्तीची नको.

धुपाटण्यात दोन ते तीन सेंटीमीटर कोरडी वाळू घाला. त्याशिवाय भांडे तापून खालची फळी करपते. निखारा करवंटीच्या कोळशाचा उत्तम. काडी लावताच पेटणाऱ्या तयार चकत्यांत सोरा असतो. त्यांची ठिणगी थांबून वर राखाडी थर येईपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटे, धूप टाकू नका, नाहीतर फटाक्याचाच वास येतो. एका वेळी वाटाण्याएवढा एकच खडा. चार टाकले तर डिंक वितळून निखारा विझतो आणि खोलीत काळा धूर भरतो. खिडकी उघडी हवीच. पावसात घर बंद करून कोळसा जाळू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाइन द्राक्षाची, कोरडी आणि पाणी न मिसळलेली. रोमन माणूस स्वतः पाणी घालून पीत असे, देवाला मात्र निखळ. गोव्यात घरोघर दिसणारी गोड पोर्ट वाइन वापरली तर काही बिघडत नाही, फक्त ती चिकट असते आणि मुंग्यांना आवडते. फेणी नको. रोमनांना ऊर्ध्वपातित दारू माहीत नव्हती हे एक, आणि दुसरे अधिक महत्त्वाचे: निखाऱ्यावर फेणी पडली की ज्वाळा मनगटापर्यंत येते.

दिव्याला ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर खोबरेल घाला. ते 24 अंशांच्या आसपास गोठते, म्हणून जानेवारीतल्या पहाटे वाती विझतात. तेवढ्या दिवसांपुरते तिळाचे तेल मिसळा.

विधीचा क्रम

आधी वाहत्या पाण्याने हात धुवा. डोक्यावर उपरण्याचा किंवा ओढणीचा पदर घ्या. सुतीच घ्या, कारण सिंथेटिक कापड ठिणगीने वितळते. रोमन पद्धतीत डोके झाकलेले असते. सातुर्नुस, हर्क्युलिस अशा थोड्याच देवांची पूजा उघड्या डोक्याने होते. बोलणे थांबवा, फोन बंद करा. जुन्या काळी बाहेरचा अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून विधीच्या वेळी बासरीवाला वाजवत राहायचा.

सुरुवात यानुसपासून आणि शेवट वेस्तापाशी, मग मधे कोणीही देव असो. दिवा लावून धुपाचा पहिला खडा यानुसला. रोमन लेखक कातोच्या शेतीवरच्या ग्रंथात पोळ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या भाकऱ्यांबरोबर म्हणायची प्रार्थना दिली आहे. तिच्यात भाकरीऐवजी धूप घातला की ती अशी होते: याने पातेर, ते होक तूरे ओम्मोवेन्दो बोनास प्रेकेस प्रेकोर, उती सीएस वोलेन्स प्रोपितिउस मिही लिबेरीस्क्वे मेईस दोमो फामिलियाएक्वे मेआए. अर्थ: पिता यानुस, हा धूप अर्पून मी तुला चांगली प्रार्थना करतो, की तू माझ्यावर, माझ्या मुलांवर, माझ्या घरावर आणि कुटुंबावर प्रसन्न असावे.

लॅटिन जमत नसेल तर मराठीत म्हणा, पण सांगाडा सोडू नका. कोणाला, ते नाव आणि विशेषणासह, मग "किंवा ज्या नावाने हाक मारलेली तुला आवडेल", मग काय देतो, मग काय मागतो, आणि कोणासाठी. गाऱ्हाणे ऐकलेल्या माणसाला ही वकिली नेमकेपणाची भाषा परकी वाटणार नाही. मोघम मागणे ही नवख्यांची नेहमीची चूक: "सगळे चांगले कर" याला रोमन प्रार्थना म्हणत नाहीत. वरच्या देवांसाठी तळवे आकाशाकडे, भूमीसाठी हात जमिनीला टेकवून.

त्यानंतर लारला दिव्यापुढे धूप आणि माळ, गेनियसला वाइन पातेरात ओतून, पेनातेसना धूप आणि ताटातला पहिला घास. शेवटी वेस्ता. मग उजवा हात ओठांना लावून उजवीकडून वळायचे. मधे नाव चुकले, वाक्य अर्धे राहिले किंवा भांडे सांडले तर त्या देवापासून पुन्हा सुरुवात करा. शेवटी एक जादा खडा "यात काही चुकले असेल त्याबद्दल" म्हणून टाकणे शहाणपणाचे. त्याला पिआकुलुम म्हणतात.

वरच्या देवांना दिलेल्यातला थोडा भाग निखाऱ्यावर जातो आणि उरलेले घरचे खातात. मृतांना आणि पाताळातल्या देवांना दिलेले मात्र पूर्ण त्यांचे, त्यातला कणही खायचा नाही. प्रसादाच्या सवयीने इथे हमखास घोळ होतो. पातेरातली वाइन आंब्याच्या किंवा माडाच्या बुंध्याशी ओता. कुंडीतले झाड आंबट मद्याने मरते, आणि तुळशीत ती अजिबात ओतू नका.

रोज सकाळी दिवा आणि एक खडा पुरे. मोठी पूजा महिन्यातून तीनदा: कालेन्द म्हणजे 1 तारीख, नोने 5 ला आणि इदुस 13 ला. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नोने 7 ला आणि इदुस 15 ला येतात. कालेन्द देवी युनोची, इदुस देवराज युपितरची. या तिन्ही दिवशी शेतघर सांभाळणाऱ्या बाईने चुलीवर माळ घालावी असे कातो सांगतो. अबोली किंवा शेवंती चालेल, ज्योतीपासून दूर. प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी नवे काम सुरू करत नाहीत, ते काळे दिवस.

मोला साल्सा आणि लिबुम

मोला साल्सा म्हणजे अर्पणाची, मीठ घातलेली भरड. रोमनांचा 'फार' नावाचा गहू म्हणजे आपली खपली. ती बेळगाव-सांगलीकडून गोव्यात सहज येते. 50 ग्रॅम खपली मंद भाजून भरड कुटा, त्यात 5 ग्रॅम मीठ. मीठ मिठागरातले जाडे घ्या आणि आधी मातीच्या मडक्यात झाकून भाजा. उघडे भाजले तर खड्यात अडकलेले पाणी तडतडून डोळ्यांत उडते. चिमूटभर निखाऱ्यावर टाकायचे. रोममध्ये हे वेस्ताच्या कुमारिकाच बनवत, म्हणून घरचे मिश्रण ही त्याची नक्कल आहे, हे कबूल करून वापरा. एकदम जास्त करू नका, पावसाळ्यात पंधरा दिवसांत किडे होतात.

लिबुम ही अर्पणाची भाकरी. कातोचे माप: दोन पौंड चीज, एक पौंड पीठ (मऊ हवी तर अर्धाच पौंड), एक अंडे. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा. अर्ध्या मापाने 325 ग्रॅम ताजा छेना, 165 ग्रॅम पीठ, फेटलेले अर्धे अंडे. छेना तासभर टांगा. विकतचे पनीर कोरडे असते आणि भाकरी तडकते. उलट पाणी राहिले तर ती पसरते. बेकिंग पावडर नको. खाली पाने हवीत, पण दुकानात बे लीफ म्हणून तमालपत्र देतात: पानावर तीन लांब शिरा दिसल्या तर ते तमालपत्र, मधे एकच शीर असेल तर खरे लॉरेल. लॉरेल नसेल तर पातोळ्यांसाठी वापरतो ते हळदीचे पान घालण्यापेक्षा केळीचे घाला. हळदीचा वास चीजला झाकून टाकतो. वर मातीचे झाकण उपडे घालून 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटे भाजा.

लेमुरिया

9, 11 आणि 13 मे च्या मध्यरात्री भटक्या मृतात्म्यांना घराबाहेर घालवतात. अनवाणी उठून हात धुवायचे, काळे वाल मागे फेकायचे आणि मागे न बघता नऊ वेळा म्हणायचे: हाएक एगो मित्तो, हीस रेदिमो मेक्वे मेओस्क्वे फाबीस. हे मी टाकतो, या दाण्यांनी स्वतःला आणि माझ्यांना सोडवतो. पुन्हा पाण्याला हात लावायचा, काशाची भांडी वाजवायची आणि नऊ वेळा "पितरांनो, बाहेर जा" म्हणायचे. फ्लॅटमध्ये दोन काशाच्या वाट्या हळू टेकवल्या तरी पुरे, शेजारी झोपलेले असतात. विधीतला रोमन वाल, म्हणजे फाबा, इथे क्वचित मिळतो. गडद रंगाचे अळसांदे घेतात. सकाळी दाणे झाडून मातीत पुरा, पण आधी कुटून घ्या. अख्खे पुरले तर जूनच्या पावसात वेल येतो, आणि त्याच्या शेंगा खायच्या की नाही यावर घरात वाद होतो.