पी आणि एसमधली फट मोजून भूकंपाचं केंद्र कसं काढतात

कोयनेत भूकंप झाला की पुण्याच्या भूकंपमापीवर आधी पी (प्राथमिक) लहर उमटते, मागून तिच्याहून संथ एस (दुय्यम) लहर. कोयना धरण पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर. तेवढ्या अंतरात दोघींत १५ सेकंदांची फट पडते. सगळं काम या फटीवर उभं आहे.

पीची सुरुवात उभ्या घटकाच्या, म्हणजे जमिनीच्या वरखाली हालचालीच्या आलेखावर वाचा, एसची आडव्या दोन घटकांवर (उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम). एस वाचणं फार नाजूक, कारण पीची थरथर तेव्हा थांबलेली नसते. आलेख एकदम फुगतो आणि लाटा लांबट होतात, तिथे खूण करा. एक सेकंद चुकलात तर अंतर आठ किलोमीटरने चुकतं.

पृथ्वीच्या कवचात पी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस ३.५. दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले त्यांची वजाबाकी, म्हणजे २१ ÷ २.५ = ८.४. फटीचे सेकंद गुणिले ८.४, हे अंतर.

एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असा नकाशा घ्या. पुण्यावर कंपासचं टोक ठेवून १२.६ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मुंबईची फट २३ सेकंद असेल तर तिथून १९.३ सेंटिमीटर. ही वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात: एक कोयनेजवळ, दुसरं थेट राहुरीकडे! निकाल तिसरं नोंदणी केंद्र (भूकंपमापी असलेली जागा) देतं, उदाहरणार्थ गोवा. मात्र साधारण २०० किलोमीटरपलीकडे कवचाच्या तळाखालून आलेली वेगवान पी आधी पोहोचते. तिला नेहमीची पी समजलात तर फट मोठी दिसते आणि वर्तुळ फुगतं.

वर्तुळं एका बिंदूत क्वचितच मिळतात, छोटा त्रिकोण उरतो. शिवाय फटीतून मिळतं ते भूकंपनाभीपर्यंतचं, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू झाला तिथपर्यंतचं तिरकं अंतर. नाभी १० किलोमीटर खोल असेल तर पुण्याला फरक अर्ध्या किलोमीटरहून कमी, पण अपिकेंद्रापासून (नाभीच्या बरोबर वरच्या, जमिनीवरच्या जागेपासून) १० किलोमीटरवरच्या नोंदणी केंद्राला १४ दिसतात. म्हणूनच खोली हवी असेल तर धरणाजवळचीच केंद्रं लागतात. पुणे-मुंबईच्या नोंदींवरून ती ठरत नाही.

संगणक एक अंदाजी जागा, खोली आणि वेळ धरून प्रत्येक केंद्रावर लहर कधी पोहोचायला हवी ते काढतो, प्रत्यक्ष वेळेशी ताडतो आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज सरकवतो. केंद्रं एकाच बाजूला असली तर उत्तर दुसऱ्या बाजूला सहज घसरतं. घड्याळ चुकीचं असलं तरी एका केंद्रावरची फट बिघडत नाही. संगणकाच्या या पद्धतीत मात्र घड्याळाची एका सेकंदाची चूक सहा किलोमीटरची होते. एखाद्या केंद्राचा फरक प्रत्येक भूकंपात एकाच दिशेने येत असेल, तर आधी तिथलं जीपीएस घड्याळ तपासा, आणि साडेपाच तासांचा फरक आला तर कुणीतरी जागतिक वेळेऐवजी भारतीय वेळ लिहिली आहे का ते बघा.