शेल स्क्रिप्टमधल्या टेम्प फाइल: या चुका टाळा

एका सकाळी सर्व्हरवर "जागा शिल्लक नाही" असा एरर. डिस्क तर अर्धी रिकामी! भरलं होतं ते /टीएमपी, म्हणजे टेम्प (तात्पुरत्या) फाइलींचं फोल्डर, जे त्या मशीनवर रॅममध्ये होतं. आणि भरणारी माझीच, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालणारी स्क्रिप्ट. शेवटच्या ओळीत आरएम (फाइल पुसणारी कमांड) होतं हो, पण वर 'सेट -ई' लावलेलं. मधली एक कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबायची आणि आरएमची पाळी यायचीच नाही.

म्हणून टेम्प फोल्डर केलं की पुढच्याच ओळीत हे लिहा:

ट्रॅप 'आरएम -आरएफ "$फोल्डर"' एक्झिट

(कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, हे सांगायला नकोच.) स्क्रिप्ट नीट संपो, चुकून थांबो की कोणी कंट्रोल-सी दाबो, बॅश (स्क्रिप्ट चालवणारं शेल) ट्रॅपमधली ही कमांड चालवतं. बाहेरचे कोट्स सिंगलच हवेत. डबल दिलेत तर व्हेरिएबलची किंमत ट्रॅप लावतानाच भरली जाते. तेव्हा ते रिकामं असलं तर आरएम गुपचूप काहीच पुसत नाही. दुसरी गोम म्हणजे एक्झिटवर पुन्हा ट्रॅप लावला की आधीचा रद्द. दोन फाइलींना दोन ट्रॅप लावून मी हेही करून बसलोय. त्यापेक्षा 'एमकेटेम्प -डी'ने (एमकेटेम्प म्हणजे टेम्प फाइल किंवा फोल्डर करणारी कमांड) एकच फोल्डर करा आणि सगळं त्यातच टाका. 'किल -9' (प्रोसेस जबरदस्तीने मारणं) पुढे मात्र ट्रॅपचं काही चालत नाही.

टेम्प फाइलच्या नावाला $$ जोडायची सवय सोडा. तो प्रोसेस नंबर असतो, त्याचा अंदाज बांधता येतो आणि /टीएमपीमध्ये कोणीही फाइल करू शकतं. त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) कोणी आधीच पेरून ठेवली आणि तुमची स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालली, तर लिंकच्या टोकाची फाइल गेली! नव्या लिनक्समध्ये याला बराच आळा आहे, पण त्या भरवशावर कशाला राहायचं? एमकेटेम्प नाव यादृच्छिक निवडतं आणि फाइलही स्वतःच तयार करतं. '-यू' दिलंत तर नुसतं नाव मिळतं, म्हणजे पुन्हा तेच भोक.

कॉन्फिग फाइल बदलताना टेम्प फाइल /टीएमपीत नको, मूळ फाइलच्या शेजारीच करा. मग एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) ती मूळ फाइलच्या जागी आणा. फाइलसिस्टिम वेगळी असली तर एमव्ही आधी कॉपी करतं, आणि तेवढ्यात कोणी वाचली तर अर्धवट फाइल हाती येते. शिवाय एमकेटेम्पच्या फाइलला परवानगी 600 असते (म्हणजे फक्त मालकच वाचू-लिहू शकतो), एमव्हीनंतरही तीच राहते. वेब सर्व्हर अचानक "परवानगी नाही" म्हणायला लागला तर आधी तिथे बघा. एमव्हीच्या आधी सीएचमॉड (परवानगी बदलणारी कमांड) राहिलेलं असतं.