ट्यूब अ‍ॅम्प घणघणतोय? पेन्सिल घ्या

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पमधून (काचेच्या ट्यूब म्हणजे व्हॉल्व्ह वापरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून) मधूनच शिट्टी येते, सूर घुमतो आणि दुरुस्तीवाला सगळ्या ट्यूब बदलायला सांगतो. दोष बहुधा एकाच छोट्या ट्यूबचा असतो.

१. गिटारची वायर अ‍ॅम्पमधून काढा, अ‍ॅम्प पाच मिनिटं तापू द्या, व्हॉल्यूम मध्यम ठेवा.
२. न तासलेल्या पेन्सिलीने प्रत्येक छोट्या ट्यूबला हलकी टिचकी मारा.
३. थोडं 'टक्' सगळ्याच करतात, इनपुटजवळची जरा जास्तच. टिचकीनंतरही जी पितळी तांब्यासारखी घणघणत राहते, ती दोषी.

नवी ट्यूब आणायला लगेच लॅमिंग्टन रोड (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठू नका. अ‍ॅम्प बंद करून ट्यूब गार झाल्यावर ती मोठ्या ट्यूबच्या शेजारच्या शेवटच्या छोट्या ट्यूबशी अदलाबदल करून बघा. तिथे ही खोड फारशी ऐकू येत नाही. नंबर मात्र एकच हवा, म्हणजे १२एएक्स७ च्या जागी १२एएक्स७ च (ईसीसी८३ म्हणजे तीच). नऊ पिनांमधली मोकळी जागा जुळवून सरळ दाबा. छोट्या ट्यूबला बायस (ट्यूबमधल्या प्रवाहाची जुळणी) लावावा लागत नाही, ईएल३४ सारख्या मोठ्यांना लागतो, त्यांना हात लावू नका.

आवाज नुसता खरखरत असेल, तर गार ट्यूब दोन-तीनदा काढून परत बसवा. पावसाळ्यानंतर माझ्या दादरच्या घरातल्या अ‍ॅम्पच्या पिना हमखास काळ्या पडलेल्या असतात.

आतली पेटी मात्र उघडायची नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशे-चारशे व्होल्ट राहू शकतात.