आजारी माणूस घालून-पाडून बोलतो तेव्हा

‘आजारी माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं’ असं कोल्हापुरात बघायला येणारा प्रत्येक पाहुणा सांगून जातो. तो अर्ध्या तासात निघतो. रात्री दोन वाजता कपडे बदलताना ‘तुझ्या पायगुणानंच हे झालं’ असं ऐकणारी बाई मात्र त्याच घरात असते. आजारामुळं माणूस असं बोलू शकतो. पण ते गुपचूप ऐकत राहणं हा काही सेवेचा भाग नाही. औषध, जेवण, आंघोळ सगळं वेळेवर चालू ठेवूनही बोलण्याला बांध घालता येतो.

आपल्याकडचं बोलणंच रांगडं, मायेनं हाक मारतानाही शिवी येते. त्यामुळं आवाज किती चढला, शिव्या किती दिल्या यावरून काही ठरवू नका. सगळा राग घरातल्या एकाच माणसावर निघतो का? पाहुण्यांसमोर गोड आणि दार लागलं की विखारी, असं होतं का? पैसे, माहेर, पोरं यांचा धाक घातला जातो का? खोलीतून हाक आली की तुमच्या पोटात गोळा येतो का? अशा दोन-तीन गोष्टी जुळल्या, तर हा नुसता चिडचिडेपणा नव्हे.

पुढचा प्रश्न: हे आजाराच्या आधीही होतं का? आधीपासून असेल, तर गोळ्यांनी स्वभाव बदलेल ही आशा ठेवू नका. नव्यानं सुरू झालं असेल, तर आधी शरीरात काय बिघडलंय ते बघायचं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारख्या स्टेरॉइडनं झोप उडते, संताप वाढतो. डोस सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटॅमनंही काहींची चिडचिड वाढते. लिव्हरच्या रुग्णाला शौचाला झाली नाही, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं चक्र सुरू झालं, बोलणं भरकटलं, तर विषारी द्रव्यांचा मेंदूवर परिणाम होत असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. इन्शुलिन घेणारा माणूस एकाएकी खवळला तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. म्हाताऱ्या माणसाचं वागणं एक-दोन दिवसांत पालटलं आणि संध्याकाळी जास्त बिघडू लागलं, तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा सोडियम कमी होणं, अशी कारणं असू शकतात. आणि न सांगितलेलं दुखणं: ‘काय होत नाही मला’ म्हणणाराच कळ आली की शिव्या देतो.

एका वहीत आठवडाभर लिहा: किती वाजता भडकले, त्याआधी कुठलं औषध दिलं, झोप किती झाली, शौचाला झाली का, दुखणं ० ते १० मध्ये किती. जे बोलले ते जसंच्या तसं लिहा. ही वही डॉक्टरांना रुग्णामागं, वेगळी वेळ घेऊन दाखवा. रुग्णासमोर तक्रार केली, तर डॉक्टरांना गोड उत्तरं मिळतात आणि राग घरी येऊन तुमच्यावर निघतो.

वहीत बहुतेकदा दिसतं की आंघोळ आणि डायपरच्या वेळी बोलणं सर्वांत वाईट असतं. त्यामागं लाज असते. ज्यानं तालमीत अंग कमावलं, त्याला सुनेच्या हातून धुऊन घ्यावं लागतंय. इथं समजूत घालून भागत नाही, माणूस बदला. मुलगा, जावई, नाही तर रोज तासाभरासाठी पुरुष अटेंडंट. टॉवेलनं अंग झाकूनच पुसा, जमेल तेवढं त्यांच्या हातानं करू द्या.

बांध घालायचा तो शांत वेळी. डायलिसिसहून आल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा हा विषय नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. वाक्य छोटं ठेवा: ‘आबा, तुमचं सगळं मी करणार. पण माझ्या आईबापाला शिव्या दिल्या, तर मी खोलीतनं बाहेर जाणार आणि दहा मिनिटांनी येणार.’ पुन्हा तसं झालं की वाद न घालता ‘दहा मिनिटांनी येते’ म्हणून उठायचं. उठण्याआधी कॉटची बाजू वर आहे, पाणी हाताशी आहे, ऑक्सिजन चालू आहे, हे बघा. एकटं सोडण्यासारखी अवस्था नसेल, तर दारात गप्प उभं राहा. दहा मिनिटांनी परत जायचंच, आणि गोळी किंवा जेवण कधीही अडवायचं नाही. नाही तर त्याची शिक्षा होते.

सुरुवातीला बोलणं वाढतं, कारण ते ताणून बघतात. तीनदा बाहेर गेलात आणि चौथ्यांदा ऐकत बसलात, तर जास्त ओरडलं की चालतं एवढंच ते शिकतात. डिमेन्शिया (विसरभोळेपणाचा आजार) असेल तर हा उपाय लागू नाही, नियम लक्षातच राहत नाही. तिथं खोडून काढू नका. विषय बदला, चहा द्या, गडबड कमी करा.

पुण्याहून फोनवर ‘सांभाळून घे’ म्हणणाऱ्या दिराला पटवत बसू नका. नेमकं मागा: महिन्यातला एक शनिवार-रविवार येऊन रात्रीसह राहा, किंवा अटेंडंटचा पगार द्या. बघायला येणाऱ्यांना संध्याकाळी पाच ते सहा हीच वेळ सांगा.

‘मी मरतो, म्हणजे तुम्ही सुटाल’ हे वाक्य धमकी समजून सोडून देऊ नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. गोळ्या आणि इन्शुलिन कुलपात ठेवा. ऊसपट्ट्यातल्या घरांत तणनाशक, कीटकनाशक हाताशी असतं; ते आजच घराबाहेर, कुलपात हलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठीही तोच नंबर आहे. विष घेतल्याची शंका आली तरी १०८ लावा, लक्षणांची वाट बघू नका.

वस्तू फेकणं, मारणं, पैसे किंवा फोन काढून घेणं सुरू झालं, तर दहा मिनिटांचा नियम पुरत नाही. लगेचची मदत ११२, बाईसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. त्यासाठी या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं, वकील आधी लागत नाही.

काही दिवस घराबाहेर राहायची वेळ आली, तर त्याला टाकून जाणं म्हणत नाहीत. जाण्याआधी एका कागदावर औषधं, वेळा आणि डोस, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, डायलिसिसचे वार, काय खायचं नाही आणि कशानं भडकतात, एवढं लिहा. एक प्रत कॉटजवळच्या भिंतीवर चिकटवा, दुसरी जो थांबणार आहे त्याच्या हातात द्या, आणि एक वेळची औषधं तुमच्या देखत त्याला द्यायला लावा.