घुबडाच्या नाण्यावरचा हिरवा चिकट थर

माझ्या संग्रहातील अथेन्सच्या चांदीच्या टेट्राड्राक्मावर, म्हणजे पुढे ग्रीक देवी ॲथेना आणि मागे घुबड असलेल्या प्राचीन नाण्यावर, पारदर्शक पाकिटात असतानाच हिरवट, चिकट थर जमू लागला. पीव्हीसीच्या पाकिटातून पाझरणारी रसायने धातूला लागली की असे होते. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन (नेलपॉलिश काढण्याचे द्रव चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात) नाणे त्यात बुडवून ठेवले आणि न घासता वाळू दिले, तेव्हा थर निघून गेला. हे काम खिडकी उघडून, आगीपासून दूर करावे. आता नाणे पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे. चांदीला पॉलिश लावण्याचा सल्ला मात्र मी मानला नाही, कारण शतकांचा काळसरपणा एकदा गेला की परत येत नाही.

खरे-खोटे पारखणे अधिक कठीण. वजन साधारण १७.२ ग्रॅम भरावे; ओतीव प्रतिकृतीच्या कडेवर अनेकदा जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. परंतु कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन बनावटकाराने प्राचीन पद्धतीप्रमाणे, न ओतता, कोरलेल्या धातूच्या ठशांनीच नाणी पाडली, त्यामुळे तिथे ही कसोटी निरुपयोगी ठरते आणि ज्ञात ठशांशी तुलना करावी लागते.